पाच लाख पावलं, दोन ज्यूल

'फूटस्टेप पॉवर जनरेशन' हा प्रोजेक्ट आपल्यापैकी प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या एक्झिबिशनमध्ये पाहिलेला आहे. प्लायवूडची एक पाटी, तिच्याखाली चिकटवलेल्या आठ-दहा पितळी चकत्या आणि पुढे एक एलईडी. पाटीवर पाय दिला की एलईडी लुकलुकतो. शेजारच्या चार्टवर लिहिलेलं असतं की अशी फरशी रेल्वे स्टेशनवर, मॉलमध्ये, देवळात बसवली तर विजेचा प्रश्न सुटेल. प्रमुख पाहुणे पाय देतात, टाळ्या पडतात, फोटो निघतो. वीज किती ज्यूल निघाली हे मात्र कुणी विचारत नाही, आणि चार्टवरही ते नसतं.

यंदा टी.ई.च्या मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही चौघींनी हाच विषय घ्यायचं ठरवलं. फक्त सुरुवात एलईडीपासून न करता ज्यूलपासून केली. त्या निमित्ताने जे वाचलं आणि लॅबमध्ये जे मोजलं ते इथे मांडतेय. ब्रँच कुठलीही असो, बारावीचं फिजिक्स आठवत असेल तर पुरे आहे.

आधी शब्दाचं बघू. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे पीझोइलेक्ट्रिसिटीला मराठीत काय म्हणतात हे शोधायला मला मराठी विश्वकोश उघडावा लागला. तिथला शब्द आहे 'दाबविद्युत'. इतका सरळ शब्द की व्याख्या वेगळी पाठ करायला नको. काही स्फटिक असे असतात की त्यांना दाबलं, वाकवलं की त्यांच्या दोन बाजूंवर विरुद्ध विद्युतभार येतो. जाक आणि पिअर क्युरी या दोघा भावांनी १८८० मध्ये हे क्वार्ट्‌झ, टूरमलिन वगैरे स्फटिकांत दाखवलं. पिअर तेव्हा जेमतेम विशी-एकविशीचा, म्हणजे आपल्याच वयाचा! मेरी क्युरी त्याच्या आयुष्यात पुढे आली.

याचं रोजच्या वापरातलं उदाहरण तुमच्या घरच्या ओट्यावर आहे. गॅसच्या लायटरचं बटण दाबलं की आतली छोटी हातोडी एका सिरॅमिकच्या तुकड्यावर आपटते, हजारो व्होल्ट तयार होतात आणि ठिणगी पडते. हजारो व्होल्ट! पण त्या लायटरवर तुम्ही मोबाईल चार्ज करू शकत नाही. व्होल्ट भरपूर आणि ज्यूल नगण्य, हा दाबविद्युतचा स्वभाव आहे. हा स्वभाव लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

नाशिकची चटई

आता आपल्या गावची गोष्ट. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थात, शाही स्नानाच्या दिवशी, रामकुंडाकडच्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसं गेली. तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता, पण पंचवटीत राहणाऱ्या कुणाच्याही घरी हा विषय काढून बघा, लगेच आवाज खाली येतो. अशा वेळी पहिला प्रश्न असतो तो अगदी साधा: या क्षणी या रस्त्यावर नेमकी किती माणसं आत गेली आहेत? अंदाज नको, आकडा हवा.

पुढच्या सिंहस्थाच्या आधी, म्हणजे २०१५ च्या, एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर (मूळचे नाशिकचेच) यांच्या पुढाकाराने इथे 'कुंभथॉन' सुरू झालं. कुंभमेळ्यातले प्रश्न घ्यायचे आणि मुलांनी, इंजिनिअर लोकांनी एकत्र बसून त्यावर काहीतरी बनवायचं. त्यात निलय कुलकर्णी या नाशिकच्या शाळकरी मुलाने आणि त्याच्या टीमने एक चटई बनवली. तिचं नाव 'आशिओतो', जपानी भाषेत पावलांचा आवाज. चटईवर पाय पडला की एक आकडा वाढतो आणि तो इंटरनेटवरून कंट्रोल रूमपर्यंत जातो. चटईची रुंदी साधारण १८ इंच, कारण कमी ठेवली तर लोक ओलांडून जातात आणि जास्त ठेवली तर एकाच माणसाची दोन पावलं पडतात. २०१५ च्या कुंभात त्यांनी अठरा तासांत सुमारे पाच लाख माणसं मोजली.

आमच्या विषयाशी याचा संबंध असा. पुठ्ठा आणि वायरी वापरून केलेल्या पहिल्या नमुन्यानंतर त्यांनी जी चटई बनवली तिच्यात अॅल्युमिनियम कॉम्पोझिटचे पॅनेल आणि पीझोइलेक्ट्रिक प्लेट्स होत्या. ती चालली, हॉटेलांत, मॉलमध्ये, देवळांत ट्रायलही झाल्या. पण ती जड होती आणि रोज जोडायला-सोडायला लागायची. शेवटी त्यांनी पीझो सोडून दाबल्यावर रोध बदलणारं, कार्बन मिसळलेलं मऊ पॉलिमर घेतलं. व्यवहार म्हणून निर्णय अगदी बरोबर. पण एक फरक बघा. पीझो प्लेट स्वतः व्होल्टेज देते. कार्बनचं पॉलिमर स्वतः काही देत नाही, त्याचा रोध मोजायला बाहेरून करंट पुरवावा लागतो. म्हणजे एक चटई कडक पण स्वतःची वीज स्वतः करणारी, आणि दुसरी मऊ पण बॅटरीवर बसलेली. मऊही असेल आणि वीजही करेल असा पदार्थ मिळाला तर? बिनशिशाच्या पीझो नॅनोमटेरिअल्सवर जगभर जे काम चाललंय त्याचा आमच्यापुरता अर्थ हा आहे. शिशाची भानगड नंतर सांगते, आधी हिशोब.

ज्यूलचा हिशोब

एम.जी. रोडवरून बझरमध्ये वापरतात त्या २७ मिलिमीटरच्या दहा चकत्या आणल्या. पितळेची पातळ गोल पट्टी आणि तिच्यावर पांढरट सिरॅमिकचा थर. एलसीआर मीटरवर एका चकतीची कपॅसिटन्स साधारण २० नॅनोफॅरड आली. चकती रबराच्या दोन तुकड्यांत ठेवली, डीएसओला टेन-एक्स प्रोब लावला आणि टाच दिली. वीस व्होल्टच्या आसपास पीक आलं. पाय उचलला की तेवढंच उलट्या दिशेने. (टेन-एक्स प्रोब का? साधा प्रोब एक मेगओहमचा, त्यातून २० नॅनोफॅरडचा भार ०.०२ सेकंदात गळून जातो. दहा मेगओहमला ०.२ सेकंद मिळतात. पीक नीट दिसायला एवढा वेळ लागतोच.)

आता अर्धा सी व्ही वर्ग. २० नॅनोफॅरड, २० व्होल्ट: उत्तर ४ मायक्रोज्यूल. एका पावलाचे चार मायक्रोज्यूल. कुंभातल्या पाच लाख माणसांनी या चकतीवर एकेक पाऊल टाकलं तर सगळे मिळून दोन ज्यूल. साधा एलईडी ६० मिलिवॅट घेतो, म्हणजे तो तेहेतीस सेकंद पेटेल. पाच लाख माणसं, अर्धा मिनिट!

तुम्ही म्हणाल चकती स्वस्तातली आहे, चांगली घ्या. ठीक, आदर्श फरशी घेऊ. ६० किलोचा माणूस, म्हणजे ६०० न्यूटन. फरशी पाच मिलिमीटर खाली जाते असं धरू. काम झालं तीन ज्यूल. त्यातला थेंबही वाया न घालवता वीज केली तरी पाच लाख पावलांचे पंधरा लाख ज्यूल. आकडा मोठा वाटतो, पण एक युनिट म्हणजे छत्तीस लाख ज्यूल. अर्धं युनिटसुद्धा झालं नाही! आणि हे फुकटही नाही, कारण ते तीन ज्यूल चालणाऱ्याच्या पायातून येतात. किनाऱ्यावरच्या मऊ वाळूत चालून पाहिलेल्याला हे समजावून सांगायला नको. तेव्हा एक्झिबिशनमधला तो चार्ट आता उतरवायला हरकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण तेच दोन ज्यूल दुसऱ्या कामाला लावून बघा. लो-पॉवर ब्लूटूथसारख्या रेडिओवरून एक छोटा निरोप पाठवायला शंभर मायक्रोज्यूलच्या आसपास लागतात. रेक्टिफायरमध्ये निम्मी ऊर्जा गेली असं धरलं तर पन्नास पावलांत एक निरोप. पाच लाख पावलांत दहा हजार निरोप. अठरा तासांची मिनिटं १०८०. म्हणजे अठरा तास, दर सहा-सात सेकंदांनी एक आकडा कंट्रोल रूमला, आणि तोही बॅटरी नसताना! गर्दी जास्त असेल तेव्हा निरोप जास्त, गर्दी नसेल तेव्हा चटई गप्प. जी ऊर्जा दिव्याच्या दृष्टीने हास्यास्पद आहे तीच सेन्सरच्या दृष्टीने चैनीची आहे.

ई अँड टीसीवाल्यांसाठी दोन गोष्टी इथेच सांगून टाकते. एक, दहाही चकत्या पॅरलल जोडून एकच ब्रिज लावण्याची पद्धत आहे. तसं करू नका. पाय एका चकतीवर पडतो, भार तेवढाच येतो, पण तो दहा कपॅसिटरमध्ये वाटला जातो. ऊर्जा असते भाराचा वर्ग भागिले दुप्पट कपॅसिटन्स, म्हणजे ती सरळ एक दशांश होते. प्रत्येक चकतीला स्वतःचा ब्रिज हवा. दोन, चालण्याची फ्रीक्वेन्सी एक-दोन हर्ट्‌झ. एक हर्ट्‌झला २० नॅनोफॅरडचा रिअॅक्टन्स काढा, ऐंशी लाख ओहम येतो. अशा सोर्सला थेट एलईडी किंवा रेग्युलेटर जोडणं म्हणजे पळीने विहीर उपसणं. आधी छोट्या कपॅसिटरमध्ये साठवायचं, पुरेसं साठलं की एकदम सोडायचं. एलटीसी ३५८८ सारख्या चिप नेमकं हेच करतात.

शिसं का, आणि शिसं का नको

त्या चकतीवरचं पांढरट सिरॅमिक म्हणजे लेड झिर्कोनेट टायटनेट, बोलीभाषेत पीझेडटी. १९५० च्या दशकात ते आलं आणि तेव्हापासून सोनारपासून लायटरपर्यंत त्याचंच राज्य आहे. केमिस्ट्रीच्या पुस्तकातले अणुभार घेऊन बेरीज करा: या सिरॅमिकच्या वजनात जवळजवळ ६४ टक्के शिसं असतं. म्हणजे हे 'थोडं शिसं असलेलं सिरॅमिक' नव्हे, हे मुळात शिसंच आहे आणि त्यात बाकीचं थोडंसं.

शिसंच का? या स्फटिकाची रचना पेरोव्स्काइट नावाची. एक चौकोनी डबा समजा. आठ कोपऱ्यांत शिसं, सहा बाजूंच्या मधोमध ऑक्सिजन आणि पोटात टायटेनियम किंवा झिर्कोनियमचा एक आयन. हा आयन बरोबर मध्यभागी बसत नाही, जरा एका बाजूला सरकलेला असतो, त्यामुळे डब्याच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्याला ऋण अशी ओढ तयार होते. दाबलं की आयन हलतो, ओढ बदलते, बाहेर भार दिसतो. शिशाच्या बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉनची एक एकटी जोडी असते, ती शेजारच्या ऑक्सिजनशी सलगी करून हा वाकडेपणा आणखी वाढवते. शिवाय झिर्कोनियम आणि टायटेनियमचं प्रमाण ५२:४८ च्या जवळ ठेवलं की स्फटिकाला दोन वेगवेगळ्या रचना जवळजवळ सारख्याच सोयीच्या होतात. मग त्याचं तळ्यात-मळ्यात सुरू होतं. जो आधीच द्विधा आहे त्याला ढकलायला कमी जोर लागतो! म्हणून थोड्या दाबात भरपूर भार.

आता नको का, ते. चकती शाबूत असताना शिसं आत घट्ट बांधलेलं असतं, त्यामुळे लायटर हातात घेतल्याने काही होत नाही, घाबरू नका. प्रश्न दोन्ही टोकांना आहे. बनवताना भट्टीचं तापमान बाराशे अंशांच्या आसपास जातं आणि लेड ऑक्साइड त्याच्या आधीच उडायला लागतं, ते भट्टीजवळच्या कामगाराच्या नाकात जातं. आणि वापरून झाल्यावर वस्तू भंगारात जाते, फुटते, तिची पूड होते. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो हे पक्कं माहीत आहे आणि त्यासाठी सुरक्षित म्हणावी अशी पातळी सापडलेली नाही. एका लायटरची गोष्ट वेगळी. पण हजारो माणसं अनवाणी चालणार, पावसाळ्यात, गोदावरीच्या काठावर, अशा ठिकाणी फुटणाऱ्या शिशाच्या चकत्या अंथरायच्या का? माझं उत्तर नाही असं आहे.

कायद्याने काय केलंय? युरोपात १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशाची मर्यादा ०.१ टक्के आहे, भारताच्या ई-कचरा नियमांतही तीच मर्यादा आली. सोल्डर त्यामुळे बदललं. पण पीझो सिरॅमिकला युरोपने सवलत दिली आणि ती पुन्हा पुन्हा वाढवली, कारण सगळ्या कामांत पुरेल असा पर्याय तयार नव्हता. म्हणजे ६४ टक्के शिसं असलेली वस्तू ०.१ टक्क्याच्या नियमातून सुटलेली आहे. अशा सवलती कायमच्या नसतात, म्हणून जगभरच्या लॅब कामाला लागल्या आहेत.

पर्यायांची तुलना करताना सगळे 'डी' हा आकडा सांगतात, एका न्यूटनला किती पिकोकूलोंब. वीज साठवायची असेल तर मात्र तो एकटा फसवा आहे. भार वाढला तरी डायइलेक्ट्रिक स्थिरांक मोठा असेल तर कपॅसिटन्सही मोठी आणि व्होल्टेज कमी. ऊर्जा ठरते डी वर्ग भागिले स्थिरांक यावरून. कॅल्क्युलेटर घ्या. पीझेडटीचा एक नेहमीचा प्रकार, डी ३७४ आणि स्थिरांक १७००: उत्तर ८२. बेरियम टायटनेट, १९० आणि १७००: फक्त २१. झिंक ऑक्साइड, १२ आणि १०: चौदा. २००४ मध्ये जपानात टोयोटाच्या संशोधन केंद्राच्या आणि डेन्सोच्या लोकांनी, यासुयोशी सायतो आणि सहकाऱ्यांनी, पोटॅशियम-सोडियम नायोबेटचे दाणे एका दिशेत लावून डी ४१६ पर्यंत नेला, स्थिरांक १५७०: उत्तर ११०. तो पेपर नेचरमध्ये आला आणि या विषयात जणू शर्यत सुरू झाली. पण गंमत पुढे आहे. पीव्हीडीएफ नावाचं प्लास्टिक, ज्याचा दाबविद्युत गुण जपानच्या कावाई यांनी १९६९ मध्ये दाखवला, त्याचा डी जेमतेम ३०, स्थिरांक १२. उत्तर ७५! पीझेडटीच्या जवळजवळ बरोबरीत, आणि हे कापडासारखं वाकतं. कागदावर तरी.

कागदावर, कारण प्रत्येकाची काही ना काही खोड आहे. नायोबेटमधलं पोटॅशियम-सोडियम भट्टीत उडतं, कच्चा माल हवेतलं पाणी ओढतो. नायोबियम खाणीतून काढून शुद्ध करणंही पर्यावरणाला स्वस्त पडत नाही, त्यामुळे 'बिनशिशाचं म्हणजे निर्मळ' असं समजू नये. २००९ मध्ये बेरियम टायटनेटमध्येच कॅल्शियम आणि झिर्कोनियम मिसळून डी ६२० पर्यंत गेला, पण त्याचं क्युरी तापमान शंभर अंशांच्याही खाली आलं. या तापमानाच्या वर तो सरकलेला आयन मध्यभागी जाऊन बसतो आणि खेळ संपतो. पीव्हीडीएफला ताणून किंवा विजेच्या क्षेत्रात ठेवून त्याच्या साखळ्या एका विशिष्ट मांडणीत आणाव्या लागतात, नाहीतर ते साधं प्लास्टिक.

नॅनो कशाला?

फॅशन म्हणून नाही. कारण वाकण्याचं गणित आहे. पट्टी वाकवली की तिच्या पृष्ठभागावरचा ताण असतो जाडी भागिले वाकण्याच्या त्रिज्येची दुप्पट. सिरॅमिक साधारण ०.१ टक्के ताणाला तडकतं असं धरा. ०.२ मिलिमीटर जाडीची चकती मग दहा सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा जास्त वाकवता येत नाही. तोच पदार्थ शंभर नॅनोमीटर जाडीचा केला तर त्रिज्या ०.०५ मिलिमीटरपर्यंत चालते, म्हणजे केसाच्या जाडीएवढ्या वळणात तो वळेल! पदार्थ तोच, फक्त बारीक केला आणि ठिसूळपणा आड येईनासा झाला. शिवाय इतक्या बारीक तारांत दोष कमी, त्यामुळे त्या याहूनही बराच जास्त ताण सोसतात.

२००६ मध्ये अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या झाँग लिन वांग आणि जिनहुई साँग यांनी झिंक ऑक्साइडच्या नॅनोतारा सूक्ष्मदर्शकाच्या टोकाने एकेक करून वाकवल्या आणि काही मिलिव्होल्ट काढून दाखवले. 'नॅनोजनरेटर' हा शब्द तिथून रूढ झाला. झिंक ऑक्साइड म्हणजे कॅलामाइन लोशनमध्ये असतं तेच. आणि या तारा वाढवायला बाराशे अंशांची भट्टी लागत नाही, झिंक नायट्रेट आणि हेक्झामीनच्या द्रावणात, नव्वद अंशांच्या आसपास, बीकरमध्ये त्या वाढतात. आपल्या केमिस्ट्री लॅबमध्येही जमेल असं हे काम आहे. खोड एवढीच की झिंक ऑक्साइड सेमीकंडक्टर आहे, त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन तयार झालेला भार आतल्या आत झाकून टाकतात.

दुसरा रस्ता मिश्रणाचा. बेरियम टायटनेटचे नॅनोकण सिलिकोन रबरात कालवायचे आणि पातळ पापुद्रा ओतायचा. ऐकायला पोळ्यांच्या कणकेइतकं सोपं. पण रबर मऊ आणि कण कडक, त्यामुळे पाय पडला की रबरच दबतं, कणांपर्यंत दाब पोचतच नाही. मऊ गादीत सुपारी ठेवून गादीवर बसा, सुपारी फुटेल का? म्हणून कणांऐवजी लांब तंतू घेतात, किंवा त्यांना जोडायला कार्बन नॅनोट्यूब मिसळतात, किंवा रबराऐवजी पीव्हीडीएफच घेतात म्हणजे दोघंही काम करतात.

आणि या शोधातला एक धागा थेट आपल्या शेजारी, पुण्यात आहे. आयसर पुणेच्या राममूर्ती बूमिशंकर यांच्या गटाने फॉस्फोनियमचं एक क्षार बनवलं. त्यात शिसं तर नाहीच, कुठलाच धातू नाही, आणि तरी ते फेरोइलेक्ट्रिक आहे. ते सिलिकोन रबरात मिसळून त्यांनी वाकणारं, दाबलं की वीज देणारं उपकरण केलं. हा पेपर २०१८ चा. त्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे लोक होते आणि डीआरडीओच्या एआरडीई या संस्थेच्या पीझेडटी सेंटरचेही. ज्या सेंटरच्या नावातच शिसं आहे त्यांनी बिनशिशाच्या कामात हात घालावा, हे मला फार आवडलं. भट्टी नाही, बाराशे अंश नाहीत, साध्या द्रावणातून स्फटिक मिळतो. अजून ही लॅबमधली वस्तू आहे, घाटावर अंथरायची नाही, पण रस्ता पटण्यासारखा आहे.

असे पेपर वाचताना मात्र दोन ठिकाणी थांबा. 'बोटाने दाबून शंभर एलईडी पेटवले' असं असेल तर किती वेळ ते बघा. बहुतेकदा एक क्षण. पीक पॉवर आणि सरासरी पॉवर यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. दुसरं, रबर आणि हात एकमेकांना लागून सुटले की घर्षणाची स्थिर वीज तयार होते, केसांवर कंगवा घासल्यासारखी, आणि तिचे व्होल्ट पीझोपेक्षा सहज जास्त असू शकतात. खरं पीझो तपासायचं तर जोडणी उलटी करून सिग्नल उलटा होतो का ते बघायचं, आणि स्फटिक न घातलेला कोरा पापुद्राही दाबून बघायचा. कोरा पापुद्राही तेवढेच व्होल्ट देत असेल तर काय समजायचं ते समजा.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा, जो मला कुठल्याच चार्टवर दिसला नाही. पीझो चटई बदल मोजते, वजन नाही. ०.२ सेकंदात भार गळून जातो हे वर आलंच. म्हणजे माणूस चटईवर चालला तर सिग्नल, तो तिथेच उभा राहिला तर शून्य. रिकामा रस्ता आणि खचाखच भरून थिजलेला रस्ता पीझो चटईला सारखेच दिसतात! चेंगराचेंगरीच्या आधी गर्दी नेमकी थिजते. २०१५ च्या चटईतल्या कार्बन पॉलिमरला उभं वजनही कळू शकतं, ही त्याची जमेची बाजू. म्हणून आमचं म्हणणं असं: पीझो चटई दोन ठिकाणी टाकायची, रस्त्याच्या तोंडाशी आणि शेवटी. आत गेलेले वजा बाहेर पडलेले, ही वजाबाकी महत्त्वाची. आणि आत येणारी चटई वाजतेय पण बाहेरची गप्प झाली, तर ती शांतता हाच धोक्याचा इशारा धरायचा. अशी शांतता ओळखायला कंट्रोल रूमला 'चटई जिवंत आहे' असा ठराविक वेळाने निरोप हवा, आणि तो पावलांच्या विजेवर देता येत नाही, कारण पावलंच थांबलेली असतात. तेव्हा एक छोटी बॅटरी किंवा सोलर पट्टी लागणारच. 'बॅटरीशिवाय' हा शब्द आम्ही प्रोजेक्टच्या नावातून काढून टाकला आहे.

२००३, २०१५ आणि त्यानंतरचा सिंहस्थ २०२६-२७ चा. आमची चटई तिथे जाईल असा आमचा दावा नाही. या सेमिस्टरला एवढंच करणार आहोत: बाजारात मिळणारी पीव्हीडीएफ फिल्म, आम्ही ओतलेला बेरियम टायटनेट-सिलिकोनचा पापुद्रा आणि तुलनेसाठी जुन्या चकत्या (सीलबंद डब्यात), असे तीन तुकडे एकाच १८ इंची चटईत बसवायचे आणि कुणाचे किती मायक्रोज्यूल येतात ते रोज लिहायचं. पापुद्र्याचं पोलिंग हाय व्होल्टेज लॅबमध्ये सरांच्या समोरच होईल. ओल्या पायांनी आणि कोरड्या पायांनी वेगवेगळे आकडे घ्यायचे आहेत, कारण रामकुंडावर कोरडे पाय कुणाचेच नसतात.

चटई पुढच्या सोमवारपासून लेडीज हॉस्टेलच्या मेसच्या दारात असेल, रात्रीच्या जेवणाला. मेसच्या रजिस्टरवर सह्या होतात, त्यामुळे खरी संख्या आमच्याकडे आपोआप येते. चप्पल घालून या, अनवाणी या, नेहमीसारख्या चाला, ओलांडून जाऊ नका आणि कृपा करून उड्या मारू नका. मेसच्या मावशींना सांगून ठेवलं आहे, फरशी पुसताना चटई उचलली तरी चालेल. सह्यांचा आकडा आणि चटईचा आकडा रोज रात्री दहा वाजता नोटीस बोर्डवर शेजारी शेजारी लावू.